साथीचं मूळ गाव

इतिहास निःपक्षपाती असावा, याबद्दल जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत एकमत आहे. मतभेद आहे तो फक्त गावांच्या नावांबद्दल.

म्हणूनच प्राध्यापक अश्विनीबाईंनी तीन वर्षं जुने मोडी कागद चाळून लिहिलेला मध्ययुगीन महामारीचा इतिहास प्रादेशिक समतोल समितीपुढे ठेवण्यात आला. (सदस्य सतरा, इतिहास वाचलेले शून्य, त्यामुळे पूर्वग्रहाला वावच नव्हता.) समितीचा शिक्का नाही तर छपाई नाही, असा ठराव होता.

पहिल्याच पानावर वाक्य होतं : 'साथ ओतूरच्या बाजारातून पसरली.' ओतूरचे सावळेराम ताडकन उठले.

"मॅडम, आमच्या पोरांची लग्नं जमायची हायेत. आळे गावाकडं सरकवा की जरा!"

"कागद ओतूर म्हणतो," अश्विनीबाई म्हणाल्या.

पूर्वी साथ आली की मरीआईचा गाडा ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडत. ते गाव तो पुढच्या शिवेवर नेई. समितीने ही थोर परंपरा कागदावर चालवली. चार बैठकांत साथ एकोणीस गावं हिंडली आणि धरणात बुडालेल्या एका गावात मुक्कामाला राहिली. तिथून हरकत येण्याची शक्यता नव्हती. मृतांची वाटणी मात्र दर गावी समान, साडेअकरा. (अर्धा माणूस कोणत्या तालुक्याचा, यावर उपसमिती बसली आहे.)

पाचव्या बैठकीला त्या बुडालेल्या गावच्या चिमाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"गाव बुडालं, आमी न्हाई. घर घेतलं, शेत घेतलं. आता ही साथ बी आमच्याच पदरात व्हय?"

अश्विनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुरावा सांगेल तेच छापायचं," त्यांनी ठणकावलं. "नाहीतर माझं पुस्तक जळो!"

त्याच आठवड्यात मोडी कागदांच्या गठ्ठ्याच्या तळाशी त्यांना आणखी एक पान सापडलं. ओतूरच्या बाजारात ताप घेऊन आलेला पहिला माणूस खोडदचा होता. खोडद हे बाईंचं माहेर. त्यांनी पान तीनदा वाचलं, भावाला फोन केला. ("ताई, लिवायला तुला दुसरं गावच न्हाई का गं?") मग बाईंना मनापासून वाटलं, की या पानाच्या विश्वासार्हतेचा अधिक अभ्यास व्हायला हवा.

पुस्तक शिक्क्यासह निघालं. पहिलं वाक्य आहे : 'साथ ............ या गावातून पसरली.' रिकामी जागा वाचकाने भरायची आहे. आवृत्ती तीन दिवसांत संपली. आम्ही पाहिलेल्या प्रत्येक प्रतीत जागा सुवाच्य अक्षरात भरलेली आहे, आणि एकानेही स्वतःच्या गावाचं नाव लिहिलेलं नाही.

तुमची प्रत आम्ही पाहिलेली नाही. पाहायची गरजही नाही.