थांबलं की अर्ज होतो

मल्लप्पा बाईमाणसाचं कौतुक करायचा आणि लगेच चालू पडायचा. समोरची ‘थँक्यू’ म्हणेपर्यंत हा जिन्यात.

सोलापुरात आम्ही एकाच कचेरीत कारकून होतो. मी एकदा म्हटलं, “अरे, जरा थांबावं की!”

“थांबलं की अर्ज होतो,” तो म्हणाला. “कौतुक करून गडी तितंच उभा राहिला, तर बाईला वाटणारच, ह्याला आता काय पायजे?”

त्याचे नियम पक्के. रंग, साडी, हसणं यांवर अवाक्षर नाही. बोलायचं ते कामावर, आणि चारचौघांत. “शैलाबाई, तीन पानी पत्र, एक खाडाखोड न्हाय!” एवढं शेजारच्या टेबलाशी म्हटलं की निघाला. बसमधल्या कंडक्टर बाईंना, “एवढ्या गर्दीत आवाज चढवला न्हाय तुमी,” हे सांगायला तो शेवटच्या पायरीपर्यंत थांबला आणि नियम सांभाळताना रस्त्यावर पडला.

एकदा माझ्याकडे जेवला. चपला घालून झाल्यावर म्हणाला, “वहिनी, भाकरी कागदावानी पातळ, पण काठ कुटं फाटला न्हाय.” आणि गेला. बायको आठवडाभर गुणगुणत होती. तीच भाकरी मी वीस वर्षं मुकाट्याने खाल्ली होती. मी जळलो.

त्या जळफळाटात मी साहेबांना निनावी पत्र लिहिलं: मल्लप्पा बायकांशी लघळपणा करतो. शैलाबाई त्याच्या बाजूने साहेबांशी भांडल्या, तरी त्याची कुर्डुवाडीला बदली झालीच. परत आला तो मान खाली घालून. कौतुक कायमचं बंद. लोक म्हणाले, बरी खोड मोडली.

ते पत्र खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं. सत्तरी उलटल्यावर हे सांगतो आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन आधी त्यालाच सांगितलं.

“साहेबांनी पत्र दाखवलं, तवाच अक्षर ओळखलं की.”

“मग बोलला का नाहीस?”

“वहिनींच्या कानावर गेलं असतं. भाकरीपायी हे झालं म्हटल्यावर त्यांनी पुन्हा कुणाला जेवायला वाढलं असतं व्हय?”

तो उठला. चपला घातल्या.

“अक्षर मात्र लई सुबक हाय तुझं,” म्हणाला, आणि मला आत बसवून स्वतःच्याच घराचा जिना उतरून गेला.