रत्नाकाकूंचा ‘थांब’

“यतीन, आता जे सांगतो ते तुला खरं वाटायचं नाही. कोणालाच वाटत नाही,” असं म्हणून रवींद्रकाकांनी चहाचा कप बाजूला सारला. अमेरिकेतल्या चँडलरच्या त्या घरामागच्या पॅटिओवर कप सरकला की गोष्ट लांबणार, हे घरच्यांना पाठ होतं. त्यांच्या पत्नी सरलाकाकू उठून आत गेल्या. नात आन्या पायरीवर संत्रं सोलत बसली. नागपूरहून नोकरीसाठी आलेला यतीन नवखा. तो खुर्ची ओढून पुढे सरकला.

काकांची लेक इशिता कॅन्सरवर संशोधन करायची. नेमकं काय, ते काकांना कधी उमगलं नव्हतं. विचारणाऱ्याला “डॉक्टर आहे” असं सांगून ते मोकळे व्हायचे आणि इशिता खट्टू व्हायची. म्हणून यंदा मंडळाच्या गणपतीत तिने मुलांचं नाटुकलं बसवलं. एकदा तरी बाबांना कळू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

“नाटक सोपं रे,” काका म्हणाले. “पेशीत जीनवरून एक निरोप उतरवला जातो, आरएनए. त्यातले काही तुकडे कापायचे, उरलेले जोडायचे. कापाकापी बदलली की निरोपही बदलतो. आमच्या नाटकात मुलं म्हणजे पेशी. प्रत्येकाने एक दोस्त ओढून आणायचा, की झाल्या एकाच्या दोन. आणि मंडळातल्या रत्नाकाकू म्हणजे निरोपातला ‘थांब’ नावाचा तुकडा. शेवटी त्या येऊन ओरडल्या, की खेळ खलास.”

“मग घोळ कुठे झाला?”

“स्पॉन्सरांची भाषणं लांबली ना! कमिटीतल्या कोण्या शहाण्याने वेळ वाचवायला शेवटचा प्रवेशच उडवला. रत्नाकाकूंना सांगितलं, तुमचा रोल कॅन्सल, तुम्ही जेवणाचं बघा. मुलांना सांगायचं मात्र राहिलं.”

इथली मुलं सांगितलेलं ऐकणारी. ‘थांब’ येईपर्यंत दोस्त आणायचा म्हणजे आणायचाच. स्टेज भरलं. दोस्त संपले तेव्हा मुलांनी आयांना ओढलं, मग ढोलवाल्यांना, मग सोवळ्यातल्या गुरुजींना.

“गुरुजी पण?”

“हातात पळी होती त्यांच्या! पुढे ऐक. एवढ्या जणांना भूक लागणारच. त्यांनी स्टेजपासून जेवणाच्या टेबलापर्यंत साखळी केली आणि सगळा शिरा हातोहात स्टेजवर! मग काही मुलं दार उघडून शेजारच्या बास्केटबॉल कोर्टात शिरली. पाच मिनिटांत सहा-सहा फुटी गोरे खेळाडू गांधीटोप्या घालून आमच्या स्टेजवर मोरया म्हणतायत!”

“काका, काहीही हं!”

“तुला म्हटलं ना, पटणार नाही!”

इशिता विंगेत पांढरीफटक उभी होती. कित्येक महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत शिऱ्यात गेली होती. तेवढ्यात काका खुर्चीवरून उठून ओरडले, “अगं इशू, हे तर आवरेचना! सगळा शिरा पळवतात, शेजारी पसरतात! हाच का तो कॅन्सर?”

तिने झटकन माइक ओढला. “हाच, बाबा! जीन तोच. फक्त निरोप चुकीच्या जागी कापला आणि ‘थांब’ गळला. काही कॅन्सर असेच वाढतात!”

गलका ऐकून रत्नाकाकू हातात वाढायचा डाव घेऊन धावत आल्या आणि गरजल्या, “थांबा रे मेल्यांनो!” अख्खा हॉल जागच्या जागी थिजला. गुरुजीसुद्धा.

“बघ, मला घातलं की थांबतंय,” काकू धापा टाकत म्हणाल्या. “मग पेशंटच्या अंगात माझ्यासारखीला परत घालता नाही का येत गं?”

इशिता हसली. “काकू, आमची लॅब त्याच्याच मागे आहे.”

त्या दिवसापासून काकांनी “डॉक्टर आहे” म्हणणं सोडलं. आता ते हे अख्खं नाटक सांगत. आताही त्यांनी समाधानाने गार झालेला चहा पुढे ओढला.

“पण काका,” यतीनने विचारलं, “प्रवेश उडवणारा तो शहाणा कोण?”

“असेल कोणीतरी. मंडळात शहाण्यांना काय तोटा!”

पायरीवरून आन्याने संत्र्याची फोड तोंडात टाकली.

“आजोबा, दॅट्स अ लाय! टाइमकीपर तुम्हीच होता. एव्हरी टाइम यू टेल इट, तुम्ही स्वतःचाच तुकडा कापता!”