गायकवाड बाईंचा उतार

कांद्याचा भाव चढलाय असं कुणी सांगितलं, की आमच्या शेजारच्या गायकवाड बाई विचारतात, "कुठल्या दोन बिंदूंमध्ये?"

शिरूरच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवलं. त्यातही सगळा जीव एकाच धड्यावर, रेषेचा चढ. उभा फरक भागिले आडवा फरक. बाई निवृत्त झाल्या, पण धडा काही संपला नाही. आमची वाळवणाची दोरी पाहून त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, दोरीला चढ आहे, साड्या एका कोपऱ्यात गोळा होतील. झाल्याही. एसटी स्टँडवर जुना विद्यार्थी भेटला, की आधी चढाचं सूत्र विचारतात, मग मुलंबाळं. काही जण बाईंना लांबून पाहून सरळ नगरच्या गाडीत शिरतात, जायचं पुण्याला असलं तरी.

त्यांचे यजमान, आबा, सणसवाडीच्या एका कंपनीत होते. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून ते चाकाच्या खुर्चीत घरी येणार होते आणि दारात पायऱ्या. बाईंनी गवंड्याकडून पायऱ्यांवर उतार करून घेतला. मग स्वतः खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि मला खुर्ची खाली न्यायला सांगितली.

खाली पोचल्यावर म्हणाल्या, "पोटात गोळा आला. फोडा हे."

गवंडी वैतागला. "बाई, पायऱ्यांची उंची हाय तेवढीच ऱ्हानार. म्या काय करू?"

"उंची राहू द्या. लांबी वाढवा. चढ आपोआप कमी होतो."

नवा उतार अंगण ओलांडून माझ्या स्कूटरच्या जागेपर्यंत आला. गल्ली हसली. बाई पुन्हा डोळे मिटून बसल्या. या खेपेला खाली पोचलोय हे मलाच त्यांना सांगावं लागलं.

आबा घरी आले, पण दाराबाहेर येईनात. खुर्ची घसरायची भीती वाटत होती आणि ती सांगायची लाजही. एका सकाळी बाईंनी गणितातला एक शब्दही न काढता खुर्ची दारात आणली. मी मागून धरली. बाई समोरून आबांचे गुडघे धरून उलट्या चालत निघाल्या. आबांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट आवळलं होतं. निम्म्या उतारावर ती पकड सैल झाली.

गल्लीत कोवळं ऊन होतं. आबा बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघत राहिले. मग वाकड्या ओठांनी एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "आनखी... येकदा."

बाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि खुर्ची वर न्यायला वळवली.

त्या दिवशी उतारावरच्या फेऱ्या काही संपेनात, दोघांचं दुपारचं जेवण आमच्या घरून गेलं.