टिटवी आणि हजेरीचा दगड

एका जंगलात एक दगड होता. राजाबिजा नंतर, आधी दगड. नीट बसा आणि मधे बोलू नका.

तळ्याच्या काठी, भर उन्हात तो दगड. त्याला हजेरीचा दगड म्हणत. जंगलात जो कोणी कामाला, त्याने दुपारी बाराला त्यावर उभं राहायचं. मुंगूस कारकून येणार, बघणार आणि पळसाच्या पानावर नखाने ओरखडा काढणार. ओरखडा म्हणजे हजर. मग दिवसभर तुम्ही काम केलंत की घोरलात, कोणी विचारत नसे.

टिटवी तिथे राखणीला होती. वणवा लागला की सगळ्यांच्या आधी धुराचा वास तिला यायचा. ती ओरडायची आणि सगळं जंगल तळ्यात जाऊन उभं राहायचं. सहा वणवे तिने असे धरले. या कामावर तिचा जीव. उघड्या जमिनीवर अंडी घालणारी बाई ती, तिला राखण शिकवावी लागते होय?

एका माघात तिच्या पायांना मुंग्या आल्या. मग एका डोळ्यापुढे धुकं. मग अशी मरगळ, की पंख उचलवेना, चोचीतला किडासुद्धा जड वाटावा. आठ दिवसांनी सगळं बरं. महिन्याने पुन्हा तेच.

साळिंदर वैद्याने स्वतःचाच काटा काढून तिच्या पायाला टोचून पाहिला. कुठे कळला, कुठे नाही. तो म्हणाला, "मल्टिपल स्क्लेरोसिस."

"म्हणजे काय हो वैद्यबुवा?"

"डोक्यातून पायाकडे निरोप नेणाऱ्या तारा असतात. त्यांच्यावरची साल तुझंच अंग कुरतडतंय. कधी निरोप पोचतो, कधी वाटेतच राहतो. उन्हात तर जास्तच. औषध देतो, ते सोडू नको. आजार मुळासकट जायचा नाही. पण कामही सोडू नको. सावलीत बस, मधे मधे विसावा घे."

टिटवी गव्याकडे गेली. गवा जंगलाचा मुख्य. अंगाने मोठा म्हणून मुख्य, दुसरं कारण अजून कोणाला सापडलेलं नाही.

"साहेब, मला करवंदीच्या जाळीत बसू द्या. वास नाकाला येतो, ओरडते मी गळ्याने. पायाचं त्यात काय काम? तेवढं बाराला दगडावर उभं राहणं माफ करा."

गवा हळहळला. हळहळायला तो कधीही तयार असे. "टिटवीबाई, तुला माफ केलं तर उद्या कासव मागेल. आणि तुम्ही टिटव्या म्हणे पाय वर करून झोपता, आभाळ पेलता. आभाळ पेलवतं, आणि दगडावर उभं राहवत नाही?"

"ते आडवं पडून पेलतो साहेब. उभं राहून नाही."

"आजारी असल्याचा दाखला आण. मग बघू."

दाखला मिळायचा टेकडीच्या माथ्यावर. तिथे तीन गिधाडं बसलेली. उडत आलेल्याचा अर्ज ती घेत नसत. तपासणी पायाची, तेव्हा पायानेच या.

टिटवीने एक चांगला दिवस धरला. सात ठिकाणी बसत बसत ती वर पोचली.

"चढून आलीस ना?" मधलं गिधाड म्हणालं. "म्हणजे पाय ठणठणीत आहेत. नामंजूर."

दुसऱ्या वेळी तिने वाईट दिवस धरला. फरफटत फरफटत पोचली तेव्हा सूर्य बुडालेला. गिधाडं घरी गेलेली. फांदीला पान टांगलेलं : अर्जदार गैरहजर.

इकडे दगडावरचे तिचे ओरखडे चुकत गेले. तिची जागा मोराला मिळाली. मोराला धुराचा वास येत नसे, पण दगडावर काय उभा राहायचा. मुंगूस खूश होऊन दोन-दोन ओरखडे काढायचा.

टिटवीचा मात्र सत्कार झाला हं. असं कसं, आपलं जंगल काही निष्ठुर नाही. भर वैशाखात, बाराच्या उन्हात, त्याच दगडावर तिला उभं करून शाल पांघरली. गवा अर्धा तास बोलला. "टिटवीबाईंची जिद्द आपल्या सगळ्यांना बळ देते." बळ सगळ्यांना मिळालं. टिटवीला तेवढं उचलून घरी न्यावं लागलं.

पंधरा दिवसांनी वणवा आला. मोर दगडावर होता, पण मुंगूस जिकडे, तोंड तिकडे. धूर पाठीमागून आला. टिटवी करवंदीच्या जाळीत पाय वर करून पडली होती. दिवस वाईट होता. पण नाकाला कोणी कामावरून काढलं नव्हतं.

आपल्याला हाकललंय, आपण का ओरडावं, असा विचार तिने केला. खोटं कशाला सांगू, केला. दोन श्वास केला.

मग ओरडली. घसा फाटेपर्यंत ओरडली. सगळं जंगल तळ्यात शिरलं. टिटवीला हलता येईना, तेव्हा कासवाने तिला पाठीवर घेतलं. त्याने दाखला विचारला नाही. अडाणीच ते.

दुसऱ्या दिवशी मोराचं कौतुक झालं. पिसारा जळला, पण ओरखडा पडेपर्यंत जागा सोडली नाही. मग मुंगूस टिटवीकडे आला.

"बाई, परवानगीशिवाय ओरडलीस. खुलासा दे."

"देते. उद्यापासून कामावर येऊ?"

"कशी येशील? आजारी आहेस."

"मग आजाराचा दाखला द्या."

"कसा देणार? अर्धा तास ओरडत होतीस. धडधाकट आहेस."

"मग मी आहे तरी कोण?"

मुंगसाने पान उलटसुलट करून पाहिलं. "तुझा रकानाच नाही, बाई."

संध्याकाळी कोणी बघत नाहीसं पाहून गवा जाळीशी आला. "टिटवीबाई, पुढच्या खेपेला वास आला तर ओरडशील ना?"

"अर्ज करा साहेब," टिटवी पडल्या पडल्या म्हणाली. "टेकडीवर चढून या. चांगल्या दिवशी या, म्हणजे नामंजूर करायला बरं."

गवा हळहळत गेला. टिटवी बोलली खरी तसं. पण धूर आला की अजून ओरडतेच. आणि तिचा आवाज कानावर पडला की जंगल म्हणतं, बघा, बरी झालेली दिसते.

तात्पर्य : आजारी पडायचंच असेल तर रोज सारखं, लांबून दिसेल असं आणि कचेरीच्या वेळेत पडावं. तेवढी शिस्त पाळलीत, तर शालीला जंगलात तोटा नाही.