ओढून पाहणारे युसूफभाई

युसूफभाई एस.टी.चे ड्रायव्हर, पण बस सुरू करण्याआधी ते बसला पूर्ण फेरी मारत. टायरला लाथ घालत, आरसा गदागदा हलवत, डिझेलच्या टाकीचं झाकण ओढत आणि शेवटी मागच्या शिडीला चक्क लोंबकळून पाहत. "राऊंड झाल्याबिगर गाडी नाही," हा त्यांचा कायदा. तोवर आतले प्रवासी बोंबलायला लागायचे. एकदा मेहकरच्या कोर्टात तारखेला निघालेल्या एकानं खिडकीतून मुंडकं काढून ओरडा केला, "ओ ड्रायव्हरसाहेब, माह्यी तारीख जाऊन राह्यली!"

युसूफभाई शिडीवरूनच म्हणाले, "तारीख दुसरी भेटते बे. जान दुसरी भेटते का?"

मी त्यांचा कंडक्टर. लोणारात आमची घरंही समोरासमोर, त्यामुळे ड्युटी संपली तरी माझी सुटका नव्हती. माझ्या घरी आले की आधी गॅसची नळी ओढणार, मग दाराची कडी, मग ज्या खुर्चीत बसायचं तिचे हात. माझी बायको म्हणायची, "अहो, भाईंना नुसता चहा द्या. घर उसवायला देऊ नका."

पण त्यांना बोलायची सोय नव्हती, कारण त्यांच्याकडे एक तत्त्व होतं. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवाचा खांब ओढून पाहिला आणि अर्धा मांडव नवरदेवाच्या मामांवर आला. मामा फेट्यासकट कनातीत गुंडाळले गेले. मी डोक्याला हात लावला. युसूफभाई मात्र ढिम्म! म्हणाले, "ओढल्यावर निघालं ना, म्हंजे थे निघणारच होतं. पंगत बसल्यावर निघालं असतं तं?" म्हणजे चूक खांबाची. एकदा बस मागे घेताना रसवंतीचा बांबू मोडला, तेव्हा चूक बांबूची. "माझी चूक" हे दोन शब्द या माणसाच्या तोंडून मी उभ्या नोकरीत ऐकले नव्हते.

ती बीटी कपाशीची वर्षं होती. सुलतानपूरकडे युसूफभाईंची थोडी कोरडवाहू जमीन होती. नवं बियाणं आलं त्या साली झाडांना बोंडं अशी लगडली की ती जमीन कसणारा त्यांचा भाऊ शेतातून हलायलाच तयार नाही. पुढच्या साली पावसानं दडी मारली आणि लाल्या पडला, हिरवं शेत बघता बघता तांबडं होऊन वाळलं. त्याच्या पुढच्या सालीही तेच. बसमध्ये आधी लोक एकमेकांना "यंदा कसं काय?" विचारायचे, तेही बंद झालं. उत्तर ऐकायची हिंमतच कुणाला उरली नव्हती. युसूफभाईंची नोकरीही संपत आली होती.

घरात एकच आशा होती, ती म्हणजे नसरीन. त्यांची एकुलती एक मुलगी. पोरगी वडिलांच्याच बसनं मेहकरला कॉम्प्युटर जोडायचं शिकायला जायची. शिकून झाल्यावर तिनं स्वतःचं मशीन जोडायला घेतलं. जसं जमेल तसा एकेक भाग अकोल्याहून यायचा. मॉनिटरचं खोकं आलं तेव्हा युसूफभाईंनी ते पहिल्या सीटवर बसवलं, दोरीनं बांधलं, दोर ओढून पाहिला आणि मला म्हणाले, "मास्तर, याचं फुल तिकीट फाड. सीट अडवली ना त्यानं?"

नसरीनला या कामाचा धंदा करायचा होता, पण गावात पहिलं गिऱ्हाईक मिळेना. अखेर कृषी केंद्राचे जगदीशशेठ तयार झाले. मृग जवळ आला की त्यांच्या दुकानासमोर बियाण्याच्या पाकिटांसाठी ही मोठी रांग लागायची, आणि हातानं बिलं लिहून शेठचा जीव मेटाकुटीला यायचा. ते म्हणाले, "नसरीन, तुझं मशीन माझ्यासमोर चालू झालं तर माझ्या दुकानाचंही तूच बसव. नाही झालं तर मी अकोल्याहून तयार आणतो. राग मानू नको." शेठनं एकदा तिच्याकडून मशीन घेतलं की बाकीचे दुकानदार मागोमाग येणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि शेठ नाही म्हणाले, तर कुणीच येणार नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही सगळे युसूफभाईंच्या बैठकीत जमलो. दुपारी लाईट जायची, म्हणून घाई. नसरीननं कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडी ठेवली होती. एकेक वायर बोटानं दाखवत ती बोलत होती, ही पंख्याची, ही डिस्कची, ही बटणाची. प्रत्येक जोड बसला की नाही ते तिनं वाकून पाहिलं. पोरीचा हात असा सफाईदार चालला होता की शेठनं पान चघळायचं थांबवलं. मलाच अभिमान वाटायला लागला, बापाचं तर विचारूच नका. मशीनला झटका बसू नये म्हणून पहाटे उठून त्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ठेवलं होतं, आणि आता टेबलाभोवती फेऱ्या मारत होते.

"अब्बू, हात मत लगाना," नसरीननं बजावलं आणि ती शेठसाठी चहा आणायला आत गेली. मी आणि शेठ बियाण्याच्या भावावर बोलत बसलो. ती आली तोवर युसूफभाईंनी डब्याची बाजू लावून स्क्रूसुद्धा पिळून टाकले होते.

"बिस्मिल्ला," म्हणून नसरीननं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. पंखासुद्धा फिरला नाही. खोलीतला बल्ब तर छान जळत होता, म्हणजे लाईटवर ढकलायचीही सोय नव्हती. दारातल्या बाया कुजबुजायला लागल्या. जगदीशशेठ गुडघ्यावर हात टेकून उठले. "राहू दे बेटा. शिकली तेवढं पुष्कळ झालं. मशीनचं काम वेगळं असते."

नसरीनचा चेहरा एवढासा झाला. तिनं भराभर स्क्रू काढले, आत पाहिलं आणि थांबली. बटणाची बारीक वायर जागेवरून निघून लोंबत होती. तिनं एकदाच वडिलांकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "शेठ, माझ्याच हातून ढिली राहिली असेल."

"हेच म्हणत होतो मी," शेठ म्हणाले आणि चपलेत पाय सारला.

मी युसूफभाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता येणार ते तत्त्व. निघालं म्हणजे निघणारच होतं, झालं! आणि ते वाक्य या घडीला बोलले असते, तर पोरीच्या कामावर कायमचा शिक्का बसला असता. युसूफभाईंनी घसा खाकरला. आख्खी बस वळवतानाही मी त्यांना कधी असा घाम फुटलेला पाहिला नव्हता.

"थांबा शेठ. थे खोटं बोलून राह्यली," ते म्हणाले. "थे चहा आणाले गेली तवा मी ओढली वायर. पोरीनं पक्की बसवली होती. मले जोर लावा लागला." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माह्यी चूक हाय."

नसरीननं वायर बसवली आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, आतून बारीकशी शिट्टी आली आणि पडदा उजळला. दारातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. जगदीशशेठनं चपलेतला पाय परत काढला, गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि म्हणाले, "मृगाच्या आधी मले मशीन पाहिजे, काय?"

पांगापांग झाल्यावर युसूफभाई बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी शेजारी टेकलो. म्हटलं, "भाई, पेढे काढा."

"मास्तर, थे माह्यासाठी खोटं बोलली," ते म्हणाले. "एवढं काम हातचं जाऊन राह्यलं होतं तिचं, तरी बापाचं नाव नाही घेतलं. तिची अम्मी अशीच होती." खांद्यावरच्या रुमालानं त्यांनी डोळे पुसले. "आता नोकरी सरली का माह्यं काय? गाडी नाही, राऊंड नाही. शेठच्या दुकानात मले नेईल का थे?"

"विचारा ना तिला."

"कोण्या तोंडानं विचारू?"

नसरीन दारात कधी येऊन उभी राहिली, आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

"अब्बू, शेठकडे तुम्हाला यायचं आहे," ती म्हणाली. "माझं झालं की तुमचा राऊंड. त्याशिवाय मी बटण दाबणार नाही."

युसूफभाई घाईघाईनं उठून उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाले, "हाव, येतो ना. हात नाही लावणार, बेटा. कसम से."

"लावा ना," नसरीन म्हणाली, "पण हळू."