दगडी पाल्याच्या स्वारीची हकीकत

श्री वनस्पतीमाता प्रसन्न असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी राज्यात जे वर्तले ते लिहितो. पदरचे काही नाही, असलेच तर चवीपुरते मीठ.

राज्य म्हणावे तर कॉलेजाच्या तळमजल्यावरची एक प्रयोगशाळा, परंतु डौल तख्ताचा. तेथे काचेच्या बशीत पू करणाऱ्या जंतूंनी ठाणे मांडिले होते, आणि मृण्मयीबाई कारखानीस यांनी तीन वर्षे नाना पाल्यांचे अर्क काढोन त्यांवर स्वाऱ्या केल्या, आणि हरएक स्वारी मार खाऊन परत आली, आणि डॉक्टरेटची सनद मिळावयास मुदत एका महिन्याची उरली. मग बाईंनी बांधावरचा दगडी पाला, जो गुराखी जखमेवर चुरडोन लावितात, तो स्पिरिटात भिजवोन, कागदी चकत्यांस पाजोन बशीत उतरविला. दुसरे दिवशी पाहतात तो काय! चकतीभोवती अठरा मिलिमीटर मैदान साफ, शत्रू नावाला नाही! मग एकच आनंद जाहला, आणि पेढे आले, आणि "कर्करोगही हटतो म्हणे" ऐसी आवई उठली, आणि मार्गदर्शक धामणकर सर अठराचा आकडा विद्वत्सभेस कळवोन मोकळे जाहले.

ऐसियास प्रयोगशाळेचे जुने सेवक खंडूजी वाघमोडे बशी निरखोन बोलिले, "बाई, नुसत्या स्पिरिटाची चकती कुठंय?" रिवाज ऐसा की हरएक बशीत एक चकती बिनऔषधाची ठेवावी, म्हणजे जंतू मारिले कोणी ते कळे. बाईंनी कपाळावर हात मारिला. घाईत ती चकती राहिली होती, आणि बाकीच्याही ओल्याच घातल्या होत्या.

सर म्हणाले, "अहो, कोण विचारतंय? सोडा."

बाई बोलिल्या, "सर, मीच विचारतेय. स्पिरिटनंच मारलं असेल, तर माझी तीन वर्षं गेली." मग नव्याने बशा लाविल्या, आणि चकत्या खडखडीत वाळविल्या, आणि नुसत्या स्पिरिटाची कोरी चकतीही वाळवोन मानाने बसविली. दुसरे दिवशी कोऱ्या चकतीपाशी जंतू खुशाल संसार मांडोन बसले होते, आणि पाल्याभोवती मैदान साफ होते, पण मिलिमीटर अकरा.

मग परीक्षेच्या दरबारी बाईंनी उभे राहोन सांगितले, "अठरा चुकले, अकरा खरे. तेही बशीतले. कर्करोगाचं आम्ही काहीच तपासलेलं नाही." सरांनी मान खाली घातली. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसोन बोलिले, "बाई, इतकी वर्षं मी आकडे वाढतानाच पाहिले हो." आणि सही केली.

येणेप्रमाणे सात मिलिमीटर मुलूख सोडिला आणि सनद हाती आली. बाई चार दिवस माहेरी जाऊन निवांत झोपल्या. घडले तितके लिहिले.