भाऊजींचा डावा गाल

"सही माझी जाणार आहे, भाऊजी! लोकांची तोंडं रंगली तर शिव्या मला पडतील, तुम्हाला नाही!"

वहिनींनी डबी टेबलावर आपटली. क्रीमच्या त्या छोट्या कारखान्यात माल सुरक्षित असल्याची सही त्यांची. बाकी सगळं धाकट्या दिराचं: भांडवल, गिऱ्हाइकं, बढाया. नवं क्रीम होतं मेंदीच्या अर्काचं, आणि वहिनींचं मागणं एका ओळीचं. डबीवर छापा: 'आधी कोपराच्या आत लावून पाहा, रंग चढू शकतो.'

"इशारा छापला की गिऱ्हाईक पळतं, वहिनी. आणि मेंदी हो ही! थंड, गुणकारी. आपल्या पणज्यांनी लावली."

"हातांना लावली! तोंडाला फासून नाही बसल्या. हा अर्क आहे अर्क, ओंजळभर पानांचं सत्त्व चिमटीत आणलंय. गुण कोण नाकारतंय? प्रमाण कमी करा, नाहीतर ओळ छापा."

"कोपर कशाला? हा घ्या गाल!"

डावा गाल.

फरक कळावा म्हणून भाऊजींनी एकाच गालाला क्रीम चोपडलं आणि फोनवर बोलत बसले. बोलणं लांबलं. भाऊजींचं लांबायचंच.

पुसलं तर गाल केशरी. साबण लावला, केशरी. तेल लावलं, चकचकीत केशरी.

"वहिनी, काहीतरी करा! मोठ्या दुकानांचा खरेदीदार येतोय!"

"करते की. ओळ छापते."

"थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"थट्टा? इतके दिवस घसा फोडतेय मी! गाढवापुढे वाचली..." वहिनींनी जीभ चावली. दीर असला तरी मालक होता.

उजवा गाल.

खरेदीदार आला. त्याला एकच बाजू दिसावी म्हणून भाऊजी खेकड्यासारखे तिरके चालले, पण खुर्चीत बसताना तोंड फिरलंच. खरेदीदाराने दोन्ही गाल निरखले.

"वा! काय तजेला! पण उजव्याला काय लावलंत हो? पार मरगळलाय. ते क्रीम आम्हाला नको."

"उजव्याला काहीच लावलेलं नाही!" वहिनी ओरडल्या.

"तेच म्हणतो. दिसतंय ना."

वहिनींचा तिळपापड झाला. उभी हयात क्रीम विकून माणसाला गाल आणि गाजर यांतला फरक कळू नये? "अहो, तो तजेला नाही, रंग आहे! जात नाही तो! तुम्ही..."

दोन्ही गाल.

तोवर खरेदीदाराने टेबलावरची डबी उघडून मेंदीचं क्रीम गालांना, कपाळाला, हनुवटीला थापलंही होतं. "थंड वाटतंय हो! आता असाच आमच्या मालकांपुढे जाऊन उभा राहतो. पसंत पडलं तर सगळ्या दुकानांत तुमचाच माल. धुवायचं कधी?"

"आत्ता! आत्ताच्या आत्ता!" वहिनींनी त्याला बखोटीला धरून नळाकडे ओढलं.

"वहिनी," मागून भाऊजी पुटपुटले, "ती ओळ... ठळक अक्षरात छापू या."

त्यांचा उजवा गाल पांढराफटक पडला होता. डाव्याला ते जमलं नाही.